दुसऱ्याच्या नावावरची सायकल

नोकरी संपली आणि माझं पोट सुटायला लागलं. अंबरनाथच्या एका कारखान्यात मी जन्मभर मेंटेनन्सला होतो. दिवसभर मशीनींच्या मागे धावपळ असायची, त्यामुळे वेगळा व्यायाम कधी करावाच लागला नव्हता. शुगरचा रिपोर्ट बघून डॉक्टरांनी सांगितलं, "रोज घाम निघाला पाहिजे." बदलापुरात आमच्या सोसायटीसमोरचा रस्ता तेव्हा गटारासाठी खोदून ठेवलेला होता. फिरायला जायचं म्हणजे उड्या मारत जायचं. म्हणून घरातल्या घरात चालवायची सायकल घ्यायची ठरली.

ती मिळाली उल्हासनगरला, एका सिंधी बाईंकडे. बाई माझ्याच वयाच्या, घरात एकट्याच. सायकल जवळजवळ कोरी होती. हँडलवर तेवढा एक ओला टॉवेल वाळत होता. पुढे स्क्रीन. पेडल मारायला लागलं की त्यावर रस्ता दिसायचा, आणि चढ आला की पेडल आपोआप जड व्हायचं.

"मेरे बेटे ने भेजी, दुबईहून," बाई म्हणाल्या. "पण भाऊ, ही सीट बघा! यावर माणूस बसेल का?"

मी टेम्पोत घालून सायकल घरी आणली. बायकोने ती हॉलमध्ये खिडकीपाशी ठेवू दिली, तेही नाक मुरडूनच. पहिल्याच दिवशी प्रत्येक फेऱ्याला खटखट वाजू लागली. हे माझ्या ओळखीचं दुखणं. डावं पेडल ढिलं होतं आणि डाव्या पेडलाचे आटे उलटे असतात. पान्याने उलट्या बाजूला आवळलं, आवाज बंद. मी ऐटीत बायकोकडे पाहिलं.

ऐट टिकली नाही. घरचं वाय-फाय जोडल्याबरोबर स्क्रीनवर त्या बाईंचा फोटो आला आणि खाली अक्षरं उमटली : 'वेलकम मम्मी.'

बायको हसून हसून सोफ्यावर आडवी झाली. मी दिसेल ते बटण दाबलं. त्या खात्यातून बाहेर पडायला पासवर्ड लागत होता. बाईंना फोन केला, तर त्या म्हणाल्या, "वो तो बेटे को पता. मला नाही माहीत." मुलाला विचारा म्हटलं, तर त्यांनी घाईघाईने फोनच ठेवला. शेवटी मी तशीच चालवायला लागलो, मम्मी म्हणून. चढ संपला तरी पेडल जडच राहायचं, असा आणखी एक रोग निघाला. तेव्हा मी उतरून प्लग काढायचो आणि परत लावायचो.

थोड्या दिवसांनी बाईंचाच फोन आला. आवाज रडवेला.

"भाऊ, तुम मेरी सायकल इतना क्यों चलाते हो?"

"का हो? काय झालं?"

मग सगळं कळलं. मी मारलेली प्रत्येक चक्कर दुबईला मुलाच्या फोनवर दिसत होती. आई रोज सायकल चालवते म्हणून पोरगा खूष. नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकत होता, ऑफिसात सांगत होता. आणि सायकल विकल्याचं बाईंनी त्याला सांगितलंच नव्हतं.

"आता म्हणतो, संडेला मम्मी, आपण दोघं साथ में चालवू. तो तिकडून, मी इकडून. काय करू?"

माझ्या बायकोने फोन हातातून घेतला. "ताई, तुम्ही रविवारी सरळ आमच्याकडे या. इथे बसून चालवा."

रविवारी सकाळी बाई आल्या, डब्यात कोकी, म्हणजे कांदा घातलेली जाडसर सिंधी पोळी, आणि पापड घेऊन. पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला बांधली. मी सीट खाली केली, बायकोने वर उशी बांधली, आणि आम्ही दोघांनी धरून त्यांना वर बसवलं. स्क्रीनच्या कोपऱ्यात मुलाचा चेहरा दिसू लागला. आम्ही नवरा-बायको कॅमेऱ्यात न येता भिंतीला चिकटून उभे.

सपाट रस्त्यावर बरं चाललं होतं. मग चढ आला, आणि नेमका तेव्हाच तो रोग उपटला. चढ संपला, पेडल दगडासारखं जड.

"चलो मम्मी, तुम तो रोज इससे बड़ा चढ़ती हो!" मुलगा ओरडला.

बाईंनी दोनदा जोर लावला, तिसऱ्यांदा थांबल्या. मी खुणेने प्लग काढू का विचारलं. त्यांनी नको म्हणून मान हलवली, ओढणीने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "बेटा, मी नाही चढत. हे भाऊ चढतात." आणि माझा हात धरून मला कॅमेऱ्यासमोर ओढलं.

मी बनियनवर होतो. मुलगा बघतच राहिला. आईने सगळं सांगून टाकलं. त्याचा चेहरा पडला.

"तुमने बताया क्यों नहीं?"

"तू इतना प्यार से भेजा. कैसे बोलती? मला सायकल नको रे, बोलायला कोणी पाहिजे."

त्याने कपाळावर हात मारून घेतला. मग तो म्हणाला, "और मैंने पूरे ऑफिस को बोला, मेरी माँ तीस की लगती है," आणि स्वतःच हसत सुटला. बाईही हसायला लागल्या, ते हसू थांबेचना. आम्हाला त्यांना धरून खाली उतरवावं लागलं.

त्यानेच मग तिथून सायकल दुरुस्त करवून घेतली. पासवर्ड सांगितला, जुनं खातं काढायला लावलं. जड पेडलासाठी मेनूतला कॅलिब्रेशनचा, म्हणजे पेडलाचा जोर नव्याने जुळवायचा, पर्याय दाखवला. मी तो सांगेल तसं पेडल मारत आणि थांबत गेलो, आणि पेडल हलकं झालं. मेंटेनन्सवाला असून हे बटण मी आधी का दाबलं नाही, असं बायकोने दोनदा विचारलं. मी कोकी खात होतो.

आता माझं स्वतःचं खातं आहे. रविवारी मुलगा दुबईहून माझ्याबरोबरच चालवतो. त्याआधी तासभर आईशी फोनवर बोलतो, म्हणजे आमची रविवारची सायकल उशिराच सुरू होते. बाई अधूनमधून येतात, बायकोबरोबर स्वयंपाकघरात बसतात, आणि दोघी मिळून सोसायटीत एक फेरी मारून येतात. समोरचा खोदलेला रस्ता आता बुजवलाय. बाई आलेल्या असल्या की चढावर असताना मुलगा धापा टाकत मला विचारतो, "अंकल, मम्मी गोली टाइम पे लेती है ना?" मला कुठलं माहीत? मी स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडतो, आणि आतून दोघींचं एकदमच उत्तर येतं.