निलंग्याचे गृहस्थ आणि त्यांची लेक

लातूरच्या थेरपी सेंटरमध्ये माझ्या मुलाचा नंबर येईपर्यंत मी बाकावर बसते. शेजारी निलंग्याहून एसटीने येणारे एक गृहस्थ असतात. मांडीवर त्यांची सहा वर्षांची लेक. ती बोलत नाही. आत बोलावलं की ते खिशातल्या कंगव्यानं तिचा भांग पाडतात, परीक्षेला पाठवत असल्यासारखा.

तिला कुणी काही विचारलं, की तेच आवाज बारीक करून उत्तर देतात. "जेवलीस का गं?" म्हटलं, की "हाव काकू, लई जेवले!" सगळे हसतात. मीही हसते.

एकदा म्हणाले, "मीच बोलायलोय तिच्याकडनं. गप बसलो तर घर खायला उठतंय, ताई."

मागच्या आठवड्यात थेरपीच्या मॅडमनी त्यांना बजावलं, "तिच्याऐवजी तुम्ही बोलायचं नाही. थांबायचं."

ती दोघं बाहेर आल्यावर मी मुद्दाम लेकीला विचारलं, "नाव काय गं तुझं?"

त्यांनी ओठ घट्ट मिटले. मानेची शीर तटतटली. लेकीनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती बापाच्या तोंडाकडे बघत राहिली. मग हात वर करून ते मिटलेले ओठ बोटांनी उघडायला लागली.