मलिद्याची परात

भिजलेल्या पोह्यांवर वेलचीची पूड पडली की मला पनवेलचं शोशनामावशीचं घर आठवतं, आणि हात चालेनासा होतो.

तेव्हा लेबनॉनमध्ये लढाई चालू होती. मावशीच्या इस्राएलमध्ये राहणाऱ्या नातवाला, डॅनियलला, सक्तीच्या लष्करी सेवेचं बोलावणं आलं होतं. आम्ही बेने इस्राएल, कोकणातले मराठी ज्यू. कुणी लांब निघालं की एलियाहू हानबी या आमच्या प्रेषिताच्या नावाने मलिदा करतो. परातीत पोहे, ओलं खोबरं, साखर कालवून झालं होतं, माणसं जमली होती, तेवढ्यात फोन आला. डॅनियलने लढायला नकार दिला होता. सक्तीच्या भरतीविरुद्धच्या मोर्चातही गेला होता, आणि आता लष्करी तुरुंगात होता.

शमुवेलमामा उठलेच. "पळपुट्यासाठी कसला मलिदा?"

मला तेव्हा मामांचं पटलं होतं. 

मावशीने परात पुढे ओढली. "सुखरूप परत येऊ दे, एवढंच मागितलंय मी. कुठून, ते बोलले नव्हते. बस खाली, शमू."

आज तिकडे राहणाऱ्या माझ्या लेकीला तेच बोलावणं आलंय. जाणार की नाही, ती फोनवर सांगत नाही. मी पोहे कालवतेय. कुठून, ते मीही बोललेली नाही.