विश्रांतवाडीचा डबा

हर्नियाचं ऑपरेशन आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांकडेच करायचं, असा ह्यांनी हट्ट धरला होता. त्यांचं छोटं हॉस्पिटल वारज्यातल्या आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर.

विमा घेताना ह्यांनी कंपनीच्या नेटवर्कमधली नामांकित हॉस्पिटलं मला कौतुकानं वाचून दाखवली होती. आपल्या गल्लीतलं त्यात आहे का, हे बघायचं दोघांनाही सुचलं नाही. ते नव्हतंच. तिथे गेलो असतो तर बिल आधी आपण भरायचं, मग कंपनी तिच्या दरानं देईल तेवढं घ्यायचं. जवळची मोठी हॉस्पिटलं नेटवर्कमध्ये होती, पण त्यांचं खोलीभाडं आमच्या विम्याच्या मर्यादेत बसेना, म्हणजे तिथेही खिशाला कात्री. सगळं जमत होतं ते थेट शहराच्या दुसऱ्या टोकाला, विश्रांतवाडीच्या हॉस्पिटलात. तिथे कॅशलेस, म्हणजे बिल कंपनी परस्पर भरणार होती.

गल्लीतल्या बिलासाठी मुदतठेव मोडायला मी ठाम नकार दिला. "अहो, पोटावर सुरी चालवायला गल्लीतलाच माणूस कशाला लागतो?"

ह्यांनी वाद घातला नाही, याचंच मला नवल वाटलं. आदल्या संध्याकाळी बॅग भरताना मात्र म्हणाले, "डॉक्टरांचं काही नाही गं. तू डबा घेऊन येणार, बस बदलत. त्यात तुझे हे गुडघे."

मला भरून आलं, म्हणून मी बॅगेची चेन जरा जोरातच ओढली.

ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी मऊ भात, मेतकूट आणि तूप घेऊन मी पोचले, तर दारावरचा रखवालदार म्हणाला, "मावशी, बाहेरचं जेवण चालत नाही. पेशंटचं जेवण पॅकेजमध्येच आहे."

"मग पेशंटची बायकोही पॅकेजमध्येच द्यायची होती," मी म्हटलं. तो हसला, पण डबा खालीच राहिला.

वर हे उशीला टेकून बसले होते. पुढ्यात हॉस्पिटलची खिचडी, अर्धी खाल्लेली.

"डबा?"

"खाली अडवला."

"आणि तू जेवलीस?"

सकाळपासून डब्याच्या नादात माझं जेवण राहूनच गेलं होतं. ह्यांनी ताटली माझ्याकडे सरकवली.

"खा. कॅशलेस आहे."

खिचडी अगदीच अळणी होती. मी ती सगळी संपवली.