रंगाऱ्याची काळी बोटे

आणीबाणीतली ती सकाळ माझ्या मनातून अजून गेलेली नाही. मी नागपुरातल्या एका ठाण्यात उपनिरीक्षक होतो. सरकारविरोधी पत्रके चौकाचौकांत सापडत होती. एका खबऱ्याने सांगितले, विणकरांच्या वस्तीत एकाची बोटे कायम शाईने काळी असतात. मी लांबूनच ती बोटे पाहिली आणि वर चार ओळींचा अहवाल पाठवला. त्यावरून मिसाखाली, म्हणजे खटल्याविना डांबण्याच्या कायद्याखाली, स्थानबद्धतेचा आदेश निघाला. आम्ही त्याला सकाळी अकरा वाजता ठाण्यात आणले.

"काहून बे, पत्रकं छापाची मशीन कुठी लपवली?" हवालदाराने विचारले.

"कोणती मशीन जी? मी सूत रंगवतो. मले तं वाचताबी येत नाही."

"मंग बोटं काळे काहून?"

"काळ्या काठाचं सूत हाय साहेब. बारा वर्सं झाले, रंग निघतच नाही."

झडतीत फक्त रंगाचे हंडे मिळाले. खोटे बोलणारा प्रश्न फिरवला की उत्तर सजवतो. हा दर वेळी तेवढेच सांगत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमचा लिपिक सायक्लोस्टाईलवर परिपत्रके काढून रॉकेलने शाईचे हात पुसत होता. दोन मिनिटांत त्याची बोटे स्वच्छ झाली. मी रॉकेलमध्ये भिजवलेली कोरी चिंधी घेऊन कोठडीत गेलो आणि रंगाऱ्याची दहाही बोटे घासली. चिंधी पांढरीच राहिली. ती शाई नव्हती; चूक माझी होती.

बाहेर आलो तर त्याची बायको उभी होती. घड्याळात बरोबर अकरा वाजले होते. बाजारातल्या मारामारीत तिचा भाऊ एकदा धरला गेला होता, तेवढ्यावरून तिला कायदा ठाऊक होता.

"चोवीस तास झाले जी. कोर्टात कवा नेता त्याले?"

हवालदार हसला. "तो नियम सुट्टीवर गेला वं बाई."

"मंग कवा येते परत?"



मी दुसरा अहवाल लिहिला, या वेळी दोन पाने, आणि स्वतः वरिष्ठांकडे नेला. त्यांनी तो नीट वाचला. म्हणाले, "तुमचं पटतं मला. पण आदेश मागे घेणं माझ्या हातात नाही, तुमच्याही नाही. वर पाठवतो." दुपारी त्याला तुरुंगात पोहोचवले. पोच मीच घेतली.

त्याआधीच्या अकरा वर्षांत आरोपीला चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे नेताना मी कितीदा वैतागलो होतो. कागद अपुरे, गाडी नाही, साहेब रागावणार. त्या खोलीत एक तिऱ्हाईत माणूस फक्त विचारायचा, याला का धरले? इतर वेळी माझी चूक तिथे एका दिवसात उघडी पडली असती. आता तिला दोनशे बारा दिवस लागले.

तो सुटला त्या दिवशी मी तुरुंगाच्या फाटकाशी गेलो होतो. बायकोने त्याचे हात हातात घेतले, उलटेसुलटे करून पाहिले.

"हात कोणाचे आणले गा?" ती म्हणाली.

रंग पुरता निघून गेला होता. नखेसुद्धा गुलाबी दिसत होती.

पुढे नियम परत आला. नोकरी संपेपर्यंत कोणालाही दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करताना मी मनातल्या मनात टोपी काढत असे.