एकही सामना न जिंकलेली टीम

लीगबाहेरचा सामना घ्यायचा तो आपल्यापेक्षा कमजोर टीमशीच. मस्कतमधल्या आमच्या मराठी मंडळाने मुलींची फुटबॉल टीम काढली, तेव्हा कॅप्टन म्हणून मला सांगितलेला हा पहिला नियम. सांगणारे दामले काका, मंडळाचे क्रीडाप्रमुख. वर म्हणाले, "यात का, कशाला, असं काही विचारायचं नाही."

मला असं सांगितल्यावर काय होतं, ते तुम्हाला माहीतच आहे. त्यातून मी जो घोळ घातला तो आज सांगूनच टाकते. चहा घ्या, हसायचं तर हसा.

आमची लीग छोटी. चार भारतीय मंडळांच्या मुली आपसात खेळतात. त्याशिवाय लीगबाहेरच्या टीमशी सामने होतात आणि ते दामले काका ठरवतात. कुणाशी ठरवतात? अल् घुब्राच्या एका शाळेतल्या आठवीच्या मुलींशी. मग एका क्लिनिकच्या नर्सेसशी. त्यांच्यातल्या दोघी नाइट ड्यूटी करून थेट मैदानावर आल्या होत्या, बिचाऱ्या उभ्या उभ्या झोपत होत्या. आम्ही सगळे सामने जिंकलो. काकांनी मंडळाच्या ग्रुपवर फुलांचे गुच्छ टाकले. आणि वर्षअखेरीला चारांतली एक टीम सोहारच्या स्पर्धेला पाठवायची वेळ आली, तेव्हा निवडणाऱ्यांनी आमच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

पुढच्या मीटिंगला मी उभीच राहिले.

"काका, किती सामने जिंकलो हे कुणी बघत नाही. कुणाला हरवलं ते बघतात. आठवीच्या पोरींना हरवून काय मिळवलं आपण?"

"विजय मिळवला," काका म्हणाले.

"त्या विजयाला किंमत शून्य. मी स्टॅटिस्टिक्स शिकलेय."

"मी बत्तीस वर्षं मस्कतमध्ये आहे," काका म्हणाले. आता याचा स्टॅटिस्टिक्सशी काय संबंध? पण आमच्याकडे वाद असा चालतो.

माझे बाबा कमिटीत आहेत. ते टेबलाखालून माझी ओढणी ओढत होते. "अगं, हळू बोल. काका मोठे आहेत."

"मोठ्या टीमशी खेळायचंय ना? ठरव तू," काका शांतपणे म्हणाले. "पण हरलात तर शुक्रवारचं मैदान सीनियर क्रिकेटला."

हे शुक्रवारचं मैदान म्हणजे आमचा जीव. आठवड्यातून एकदाच मंडळाला मिळतं, आणि ते काकालोकांच्या क्रिकेटकडून भांडून घेतलेलं. त्याआधी आम्ही रुवीत एका बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये खेळायचो. बॉल गाडीखाली गेला की एकीने पोटावर झोपून तो काढायचा. मैदान गेलं की टीम संपली, हे लहान मुलालाही कळलं असतं.

मी म्हटलं, "चालेल."

घरी येऊन टीमची यादी काढून बसले. आमच्या टीममध्ये कोण आहे हो? दोन अकाउंटंट, एक कथ्थकवाली, आणि गोलकीपर केतकी, जी डेंटल क्लिनिकमध्ये दिवसभर उभी असते म्हणून गोलमध्येही उभीच असते. आणि आमच्या शुक्रवारवर मी पैज लावून आले होते.

मग मला एक भलतीच हुशारी सुचली. नाव मोठं, पण टीम पडेल, अशी कुणी सापडली तर? ऐकणाऱ्याला वाटेल केवढी हिंमत, आणि आपण आरामात जिंकू. ऑफिसमध्ये बसून, काम बाजूला ठेवून, मी सगळ्या टीमची पानं पालथी घातली. आणि सापडली. सीबकडच्या एका मोठ्या कॉलेजची मुलींची टीम. या मोसमात एकही सामना जिंकलेला नाही. एकही नाही. मी खुर्चीत गोल फिरले.

त्यांच्या कोच मुना यांना मेसेज केला. लगेच उत्तर आलं, "यल्ला, चला, या आमच्या मैदानावर." इतक्या लगेच का, हा विचार कुणी करायला हवा होता? मी. केला का? नाही.

सामन्याच्या दिवशी बाबा गाडी चालवत होते, पुढे दामले काका, मागे मी आणि केतकी. सीबच्या रस्त्याला लागल्यावर मी काकांना सहज म्हणाल्यासारखं म्हटलं, "तशी मोठी टीम आहे, पण यंदा सगळे सामने हरलेत."

काकांनी मान न वळवता विचारलं, "कुणाकडून?"

"ते काय महत्त्वाचं आहे, काका? हरले म्हणजे..."

कुणाला हरवलं हे महत्त्वाचं, असं भर मीटिंगमध्ये उभी राहून सांगणारी ती कोण होती? मग कुणाकडून हरले, हे मी का नाही बघितलं?

मी फोन काढला. निकालांचं पान उघडलं. पहिला पराभव, शेजारच्या देशातल्या चॅम्पियन क्लबकडून. दुसरा, तिथल्याच दुसऱ्या क्लबकडून. तिसरा सामना त्यांनी मुलांच्या टीमशी घेतला होता, आणि एका गोलने हरल्या होत्या. एका. मी फोन पालथा ठेवला. एसी जोरात चालू होता आणि माझ्या पाठीवरून घामाचे ओघळ चालले होते.

"काय गं?" केतकी म्हणाली. "पांढरी पडलीस."

"गाडी लागतेय."

"तुला कधीपासून गाडी लागते?"

बाबांनी आरशातून बघितलं. मी खिडकीबाहेर बघत राहिले. वाटलं, गाडी पंक्चर व्हावी. वादळ यावं. इथे वर्षात दोनदा पाऊस पडतो, त्यातला एक आत्ता पडावा. आकाश असं स्वच्छ, जसं मुद्दाम पुसून ठेवलेलं.

मैदानावर त्या मुली वॉर्मअप करत होत्या. कुणी बोलत नव्हतं, नुसता बॉलला लाथ लागल्याचा आवाज. धप्प. धप्प. आमची कथ्थकवाली माझ्या कानाशी म्हणाली, "या हरतात कशा गं?" मी बुटाची नाडी परत बांधायला वाकले.

कोच मुना हसत आल्या. माझा हात दोन्ही हातांत घेतला. "बरं झालं तुम्ही विचारलंत," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "आमचे डीन रागावलेत. म्हणाले, आता एखादा तरी सोपा सामना घ्या."

ऐकलंत? त्यांचेही एक दामले काका होते, आणि त्यांच्या आठवीच्या पोरी म्हणजे आम्ही.

पहिल्या हाफचं वर्णन करत नाही. केतकी नेहमीसारखी उभी होती आणि बॉल तिच्या डावीकडून, उजवीकडून, एकदा तर पायांमधून जात होता. मी डिफेन्सला होते. त्यांची नऊ नंबरची मुलगी माझ्याकडे धावत आली की मी बाजूला व्हायचे. ठरवून नाही हो, पाय आपोआप व्हायचे. हाफटाइमला शून्य-आठ.

आम्ही कडेला आडव्या पडलो. दामले काका आणि बाबा पाण्याच्या बाटल्या घेऊन आले. काका माझ्याशेजारी उकिडवे बसले आणि प्रथमच माझ्याशी हळू आवाजात बोलले.

"रेवती, ऐक. केतकीचा पाय मुरगळला असं मी कोचना सांगतो. सामना अर्धवट राहिला की निकाल धरत नाहीत. शुक्रवार तुमचाच. खलास."

"खूप मुरगळलाय," तोंडावर टॉवेल घेऊन पडलेली केतकी टॉवेलच्या आतून म्हणाली.

खरं सांगू? मला हो म्हणायचं होतं. जिभेवर आलं होतं. पण काकांच्या चेहऱ्यावर ते हसू होतं, पोरीला शेवटी अक्कल आली असं. ते बघितलं आणि माझं डोकं फिरलं.

"नाही," मी म्हटलं. "हरतोय तर हरू. पुढचा हाफ खेळणार, आणि निकाल धरणार. आठवीच्या मुली आपल्याविरुद्ध पूर्ण सामना खेळल्या होत्या ना? कुणी पळून गेलं नव्हतं."

"अगं, मैदान जाईल," बाबा म्हणाले.

"जाऊ दे. मी कॅप्टन आहे, मी ठरवलंय."

काकांनी तोंड उघडलं आणि मिटलं. बाबा बाटलीच्या झाकणाकडे बघत राहिले. आयुष्यात पहिल्यांदा मी मोठ्या माणसांना गप्प केलं होतं, आणि काय सांगू, क्षणभर फार छान वाटलं.

मग केतकी उठून बसली. टॉवेल बाजूला केला. हातातले ग्लोव्हज एक एक करून काढले आणि माझ्या मांडीवर ठेवले.

"तू ठरवलंस ना?" ती म्हणाली. "मग आता गोलमध्ये तू."

मी बाकीच्यांकडे बघितलं. कुणीही माझी बाजू घेईना. समोर नऊ नंबरवाली उड्या मारत अंग गरम ठेवत होती. मी ग्लोव्हज घातले. मनगटावरचे पट्टे केतकीनेच बांधून दिले.