नीळकंठरावांना न विचारता घेतलेलं मशीन

नीळकंठ शिरढोणकरांना पाण्यातलं कळत होतं, हे त्यांच्या शत्रूंनीही कबूल केलं असतं. मित्र नव्हतेच, त्यामुळे त्यांचं मत घेण्याचा प्रश्न नाही. भोपाळच्या एका सरकारी कारखान्यात बॉयलरसाठी क्षार काढलेलं पाणी तयार करणाऱ्या प्लांटवर त्यांनी एकतीस वर्षं काढली. निवृत्त झाल्यावर कोलार रोडला रो-हाउस घेतलं आणि सगळं ज्ञान घेऊन दारात बसले. फुकट सल्ला द्यायचा नाही, समोरच्याने आधी विचारलं पाहिजे, हा त्यांचा नेम. आणि कोणी विचारलंच, तर ते आधी अर्धा तास त्याची अक्कल काढत आणि मग उत्तर देत. बायको, शकुंतलाबाई, होत्या तोवर त्या मधे पडून निभावून नेत. त्या गेल्या आणि बापलेकांचं बोलणं "गॅस संपलाय" आणि "वीजबिल आलंय" यावर येऊन थांबलं.

लेक अंबरीश चौतिशीचा. त्याची कंपनी बंद पडली तेव्हा त्याने एक जुनी व्हॅन घेतली आणि इमारतींच्या काचा धुण्याचं काम सुरू करायचं ठरवलं. व्हॅनमध्ये पाण्याची टाकी, पंप आणि चार मजले पोचेल अशी लांब दांडी. दांडीच्या टोकाच्या ब्रशमधून पाणी येतं, काच धुतली जाते, पुसावी लागत नाही. अट एकच, पाणी अगदी निर्मळ हवं. त्यात क्षार उरले तर पाणी उडून जातं आणि डाग काचेवर राहतात.

आणि घरच्या बोअरचं पाणी असं, की नव्या बादलीला महिन्याभरात पांढरी किनार यायची. क्षार मोजायचा मीटर नऊशेचा आकडा दाखवायचा. आठ दिवस अंबरीश हॉलमध्ये बसून दुकानदारांना फोन करत होता. नुसतं आरओ घ्यावं, की नुसता क्षार धरून ठेवणाऱ्या रेझिनचा सिलिंडर, की दोन्ही एकापुढे एक? तीन फुटांवर नीळकंठराव पेपर वाचत असत. हे उत्तर त्यांनी झोपेतही दिलं असतं. आरओ नऊशेचं पन्नास करेल, प्यायला उत्तम. काचेला शून्य लागतं, म्हणून पुढे रेझिन हवंच. नुसतं रेझिन घेतलं तर असल्या पाण्यात ते चार फेऱ्यांत संपेल. शिवाय बाजारातल्या मशीनला चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळणारा एक स्क्रू असतो, तो बंद करायला हवा. सगळं मिळून दोन मिनिटांचं बोलणं.

"बाबांना एकदा विचारून तर बघ," सोनाली नवऱ्याला म्हणाली.

"विचारलं की आधी माझे दहावीचे मार्क काढतील," अंबरीश हळूच म्हणाला.

नीळकंठरावांना ते ऐकू आलं. खरं होतं म्हणून जास्तच झोंबलं.

मशीन आलं ते नुसतं आरओ. बसवणारा माणूस म्हणाला, "भैया, एकदम मीठा पानी आएगा." नीळकंठरावांना हसू आवरेना. ते गच्चीवर गेले आणि त्यांनी गिरीशला फोन लावला. गिरीश त्यांच्या हाताखाली बावीस वर्षं होता आणि बावीसही वर्षं त्याने बोलणी खाल्ली होती. आता तो पाणी तपासायची छोटी लॅब चालवायचा.

"आमच्या चिरंजिवांनी दिवे लावलेत," नीळकंठराव म्हणाले. "शनिवारी एमपी नगरात ट्रायल आहे. अख्खी काच डागाळणार बघ."

"मग सांगून टाका ना सर त्याला."

"त्याने विचारलंय? खोड मोडू दे एकदा."

शनिवारची इमारत एका कोचिंग क्लासची होती, चार मजले, सगळ्या काळ्या काचा. ट्रायल जमली की वर्षभराचं काम. पोराची फजिती बघायला बापाने बसचं तिकीट काढून जावं, हे सांगतानाही लाज वाटते, पण नीळकंठराव गेले. समोरच्या ठेल्यावर त्यांनी पोहे घेतले आणि वर शेव मागून घेतली.

अकरा वाजता काचा लखलखत होत्या. मग ऊन फिरलं, पाणी वाळलं आणि वरपासून खालपर्यंत ताक शिंपडल्यासारखे ठिपके उमटले. मॅनेजरबाई खाली आल्या. आवाज न चढवता त्यांनी विचारलं, "ये साफ किया है आपने?" मग त्यांनी अंबरीशला स्टूल दिलं आणि हात पोचेल तेवढी काच पुसायला लावली. पायऱ्यांवरची कोचिंगची मुलं मोबाइलवर शूटिंग करत राहिली. फडकी संपल्यावर त्याने गळ्यातला गमछा वापरला. वरचे तीन मजले तसेच डागाळलेले राहिले आणि काम गेलं. नीळकंठरावांनी हे सगळं शेवटपर्यंत पाहिलं, हात धुतले आणि घरी येऊन शांत झोप काढली. निवृत्तीनंतर इतकं बरं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

आता तरी तो विचारेल म्हणून ते चार दिवस थांबले. पाचव्या दिवशी सोनालीने बोलावलेला गिरीश घरी आला. त्याने स्क्रू बंद केला, पुढे रेझिनचा सिलिंडर जोडला, आणि मीटरवर शून्य आलं. चहा पिताना तो भोळेपणाने म्हणाला, "पण सर तर मला पहिलेच बोलले होते, काच डागाळणार म्हणून."

"कधी?" अंबरीशने विचारलं.

"मशीन आलं त्याच दिवशी," गिरीश म्हणाला, आणि मग आपण काय बोललो ते कळून कपात बघत बसला.

"तू विचारलं नाहीस," नीळकंठराव म्हणाले. वाक्य कधीचं तयार होतं.

अंबरीश उठून व्हॅनची टाकी भरायला गेला. भांडला असता तर बरं झालं असतं, भांडणात नीळकंठराव कधी हरत नसत.

वीसेक दिवसांनी तो समोर खुर्ची ओढून बसला. "बाबा, एक विचारायचं होतं."

नीळकंठरावांनी पेपर बाजूला ठेवला. आज मार्कांचं काढायचं नाही, असं त्यांनी मोठ्या मनाने ठरवलं. "विचार."

"इथल्या पाण्यात रेझिन फार लवकर संपतंय. साकेत नगरला नळाचं पाणी दोनशेच्या आत आहे, गिरीशकाकांनी मोजून दिलं. तिथे खालचा मजला भाड्याने मिळाला, व्हॅनपण आत लागते. एक तारखेला आम्ही जातोय. तुम्हाला डबा एका वेळचा पाठवू की दोन्ही वेळचा?"

नीळकंठरावांनी मनातल्या मनात गणित केलं. नऊशेच्या जागी दोनशे म्हणजे रेझिन चौपटीच्या वर टिकणार. त्यांनीसुद्धा हाच सल्ला दिला असता. त्यांनी पुन्हा पडताळून पाहिलं, पण पोराची चूक काही निघेना.

"एका वेळचा पुरे," ते म्हणाले.

अंबरीशने मान डोलावली आणि मशीन भिंतीवरून सोडवायला तो पाना शोधू लागला.