फोनला न दिसलेला हात

मला लकवा मारला तो दिवाळीनंतरच्या आठवड्यात, धुळ्यातल्या माझ्या घरी, चहा गाळताना. उजवा हात गेला, तोंड वाकडं झालं. जीभ मात्र महिनाभरात पहिल्यासारखी चालू लागली, आणि तेच पुढे सगळ्यांना जड गेलं.

घरी सोडताना डॉक्टरांनी माझ्या फोनमध्ये एक अ‍ॅप घातलं. बोटं किती वेगाने टाइप करतात, फोन दिवसातून कितीदा उघडतो, मी किती पावलं चालते, हे सगळं ते आपोआप टिपणार आणि त्यावरून मी सुधारतेय की नाही ते कळणार. दर रविवारी त्याचा आलेख डॉक्टरांकडे आणि पुण्याला माझ्या मुलाकडे जायचा. मुलाने तेव्हाच बजावलं होतं, आलेख घसरला तर धुळ्याचं घर बंद करून त्याच्याकडे राहायला यायचं. मी हो म्हणाले. खाटेला खिळलेल्या बाईकडून कुणीही काहीही कबूल करून घेतं.

तीस वर्षं शाळेत शिकवलं मी, शेकडो प्रगतिपुस्तकं भरली. आता माझंच प्रगतिपुस्तक मला न दाखवता मुलाकडे जात होतं. राग यायचा. पण हिवाळाभर आलेख चढता आहे असं मुलगा सांगायचा, म्हणून गप्प बसले.

मग उन्हाळा लागला आणि गल्लीत पापड सुरू झाले. आमच्याकडे पापड कुणी एकटी करत नाही. आज हिच्या घरी, उद्या तिच्या; ज्या त्या बाईने आपलं पोळपाट-लाटणं घेऊन जायचं. शेजारची अक्का दारात येऊन उभी राहिली आणि चल म्हणाली. माझा हात असा, मी म्हटलं. तो घेऊनच ये, म्हणाली.

पहिल्या दिवशी माझं लाटणं घरंगळत समोरचीच्या मांडीवर गेलं. बायका हसल्या, मीही हसले. उडदाचं पीठ फार चिवट, तेल लावून कितीही कुटा, हट्ट सोडत नाही. मीही सोडला नाही. डाव्या हाताने उजव्यावर भार देऊन लाटत राहिले. चौथ्या दिवशी डावा हात काढून घेतला. पापड वाकडातिकडा झाला, पण तो उजव्या हाताचा होता. तो वाळत घालायला मी स्वतः गच्चीवर गेले.

तो आठवडाभर फोन घरी, फडताळात. पिठाच्या तेलकट बोटांनी त्याला कोण हात लावणार? आणि पावलं मोजायला तो अंगावर बाळगायचा, तर साडीला खिसा असतो का? पँट घालणारीच माणसं आजारी पडतात, असं ते अ‍ॅप बनवणाऱ्यांना वाटत असावं. संध्याकाळी मुलाचा फोन आला की मी सांगायचे, बरी आहे, पापड लाटतेय. त्याला वाटायचं, आई आपलं मन राखायला बोलतेय.

रविवारी आलेख कोसळला आणि सोमवारी सकाळी मुलगा दारात. घराला कुलूप. विचारत विचारत तो चार घरं पुढे आला, तर मी बायकांच्या घोळक्यात पिठाने माखलेली. तो तिथेच उकिडवा बसला, घामाघूम, आणि स्वतःचा फोन माझ्यापुढे धरला. सात दिवस टायपिंग नाही, चालणं नाही. खोली तयार ठेवलीय, म्हणाला, उद्याच निघू.

मी विचारलं, यात माझा सगळ्यात चांगला महिना कोणता? त्याने जानेवारीवर बोट ठेवलं.

जानेवारीत मी वाकडं तोंड गल्लीला दिसू नये म्हणून दार लोटून बसले होते. दिवसभर डाव्या अंगठ्याने नातेवाइकांना तेच तेच लिहायचे, फोन हातात धरून खोलीतल्या खोलीत येरझारा घालायचे आणि रडायचे. जगणं नको झालं होतं. त्या महिन्याला आलेखात ‘उत्तम प्रगती’ असं लिहिलं होतं. माझं डोकंच फिरलं.

“फोनले काय इचारस?” मी आमच्या अहिराणीत म्हणाले. “माले इचार.”

सगळ्यांची लाटणी थांबली. मुलगा फोन खाली ठेवून म्हणाला, “माय, हात कसा शे तुना?”

सहा महिन्यांत हे त्याने पहिल्यांदा विचारलं. मग मी खरं तेच सांगितलं, लपवून काय करायचं होतं? अंगठा अजून बधिर आहे. भरलेला तांब्या उचलवत नाही. ब्लाऊजचे हूक मला लावता येत नाहीत, रोज सकाळी अक्का येऊन लावून देते. तो अक्काकडे बघायला लागला. अक्का खाली मान घालून पुन्हा लाटायला लागली होती.

या आईला इथे एकटं कसं ठेवू, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. तरी त्याने हुकूम सोडला नाही, विचारलं, पुण्याला येशील का?

मी नाही म्हणाले. त्याने ते ऐकून घेतलं आणि दुपारच्या गाडीने एकटा गेला.